दोरीवरचे कपडे वाचणाऱ्या नर्सबाई

आमच्या मागच्या पडवीतल्या नर्सबाई पत्ते एकट्याच खेळायच्या आणि एकट्याच भांडायच्या. दुपारी दवाखान्यातून आल्या की पांढरं पातळ घडी करून ठेवायचं, जुनेरं नेसायचं, सुक्या बांगड्याच्या तुकड्याबरोबर वाडगाभर पेज संपवायची आणि सारवलेल्या जमिनीवर पत्त्यांच्या रांगा मांडायच्या. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "लबाडी करतंस? माझ्या डोळ्यांदेखत?" त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात हा आवाज ऐकून मला वाटलं, कुणी पाहुणी आलीय. मी चहाचे दोन कप घेऊन गेले. खोलीत त्या एकट्याच. त्यांनी दोन्ही कप ठेवून घेतले, एकामागून एक संपवले आणि म्हणाल्या, "दुसरीच्या चायत साखर कमी हुती."

ही पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. मालवणच्या दवाखान्यात त्या नव्याने आल्या होत्या आणि त्यांना कुणी खोली देत नव्हतं. एकटी विधवा बाई, वेळीअवेळी बाहेर जाणारी, बाळंतपणं करून आलेली. तिला घरात घ्यायचं कुणी? माझ्या सासूबाईंनी घेतलं. आमच्या घरात पुरुष माणूस नव्हतं. सासरे वारले होते, आणि माझे यजमान मुंबईला गोदीत कारकून होते. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, दोन मुलं लहान. "सोबत होयत," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

नर्सबाई मूळच्या दोडामार्गकडच्या. लहानपणी लग्न, विसाव्या वर्षी कपाळ मोकळं. मग एका मामाने मुंबईला नेऊन इस्पितळात नर्सिंगला घातलं. त्यांच्या बोलण्यात आमची मालवणी आणि गोव्याकडची कोंकणी अशी मिसळलेली होती की भांडताना त्या कुठल्या गावच्या हे कळत नसे. दवाखान्यात मात्र शुद्ध पुस्तकी मराठी. "आपणांस कोणता त्रास होत आहे?" असं त्या कोळणीला विचारत, आणि ती बिचारी घाबरून "काय नाय, काय नाय" म्हणत परत जाई. मग संध्याकाळी त्याच बाईच्या खळ्यात, अंगणात जाऊन त्या विचारत, "काय गो, सकाळी कित्याक पळालंस?"

खळ्यात शिरल्या की त्या माणसांकडे बघतच नसत. आधी बघत कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे. कुठलं लुगडं रोज धुतलंय, कुठे एकाच माणसाचे तीन-चार कपडे एका दिवसात निघालेत, कुठली धडपी, जुन्या लुगड्याची फडकी, दुसऱ्या कपड्याच्या खाली लपवून वाळत घातलीत. "माणसा लपयतत, दोरी लपयना नाय," म्हणत. दोरी बघून त्यांनी एकदा ओल्या बाळंतिणीचा ताप ओळखला होता. घरच्यांनी तो दोन दिवस लपवला होता.

पण या वाचनाने एकदा घात झाला. आमच्या आळीत एक नवी सून आली होती, जेमतेम अठराची. तिच्या दोरीवर एका दिवसात पाच परकर बघून नर्सबाईंनी तिला विहिरीवर गाठलं. सात-आठ बायका पाणी भरत होत्या. बाई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गो, पाच परकर? लघवी जळजळता, काय राखूकच जमना नाय?" मुलीने कळशी तिथेच टाकली आणि पळाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं विहिरीवर येणं बंद. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि नर्सबाई दिवसभर पत्त्यांना शिवल्या नाहीत.

माफी मागणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या सकाळपासून दवाखान्यात जायच्या आधी दोन कळशा भरून त्या घराच्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली. सरकारी नर्स पांढऱ्या पातळात, डोक्यावर एक कळशी आणि कमरेवर एक. लोक थांबून बघायचे. नवव्या दिवशी त्या मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "आत येवा." लघवीला जळजळच होती. आठ-दहा दिवसांच्या औषधाने गेली. पण त्यानंतर विहिरीवर नर्सबाईंचा आवाज कधी चढला नाही. "माझा चुकला," असं त्या मला एकदाच म्हणाल्या, तेही भिंतीकडे बघून.

माझं त्यांनी कसं ओळखलं ते सांगते.

धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर मला खोकताना, शिंकताना, जोरात हसताना कपडे ओले व्हायचे. थोडेच, पण व्हायचे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? बाईच्या जातीला असं होतच असणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. शाळेत जाण्याआधी पाणी पीत नसे. फळ्यासमोर उभं राहून खडूची धूळ नाकात गेली की पाय एकमेकांवर घट्ट धरून शिंक गिळायची. मुलींची कवायत घ्यायला सांगितलं की कमरेचं दुखणं काढायची. आणि हसणं मी सोडूनच दिलं होतं. मुली मला मागे "एरंडेल" म्हणतात हे मला ठाऊक होतं.

एके दिवशी जेवताना माझ्या मोठ्या मुलीने नर्सबाईंच्या पत्त्यांच्या भांडणाची नक्कल केली. इतकी हुबेहूब की स्वतः नर्सबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. मी ओठ चावले, मांड्या आवळल्या आणि उठून न्हाणीत गेले. बाहेर आले तर नर्सबाई दाराशी उभ्या.

"कितके म्हयने?" त्यांनी हळू विचारलं.

"कसले?"

"मास्तरणी, माका शिकयू नुको. हसाक भियातंस ता कितके म्हयने?"

"दीड वर्ष," मी म्हटलं, आणि मला एकदम रडूच आलं.

त्यांनी मला पडवीत नेलं, पत्ते बाजूला सारले आणि समजावून सांगितलं. आपल्या अंगाला खाली तळ असतो, मांसाचा, झोळीसारखा. मूत्राशय, गर्भपिशवी, सगळं त्या झोळीवर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणली जाते. मग लगेच हंडे-कळशा उचलल्या, कांडणं-दळणं केलं, की ती सैल ती सैलच राहते. "ह्या तुझा पाप नाय, तुझा नशीब नाय," त्या म्हणाल्या. "ही ढिली पडलेली झोळी आसा. ती आवळता येता."

आवळायची कशी, तेही दाखवलं. लघवी मध्येच अडवताना आतून जसं वर ओढतो तसं ओढायचं आणि धरून ठेवायचं. पोट आत घ्यायचं नाही, मांड्या दाबायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. पण लघवीला बसून हा खेळ करायचा नाही. ते फक्त जागा समजण्यापुरतं. श्वास चालू आहे की नाही हे कळावं म्हणून त्यांनी मला मोठ्याने पाढा म्हणायला लावलं. एक पाढा होईपर्यंत धरायचं, मग पाढाभर सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला मला बेचा पाढादेखील पुरा होत नव्हता. बे पंचेपर्यंत सगळं सुटून जायचं.

"कंटाळशीत तू," त्या म्हणाल्या. "मी कंटाळूक देवचंय नाय."

आणि खरंच दिलं नाही. भर मासळीबाजारात समोरून येत आणि एकच शब्द टाकत, "आवळलंस?" मी पापलेटाच्या पाटीसमोर उभी राहून मुकाट्याने आवळत असे. कोळणीला वाटे, त्या मला पिशवीचं तोंड आवळायला सांगताहेत. एकदा पोस्टात, रांगेत पुरुष उभे असताना, मागून आवाज आला, "मास्तरणी, आवळ!" पोस्टमास्तरांनी टपालपिशवीची दोरी ओढून घट्ट केली.

तीन महिने गेले. एका सकाळी चौथीच्या वर्गात मी फळा पुसत होते आणि शिंक आली. पाय जुळवायला वेळच मिळाला नाही. एक आली, दुसरी आली, तिसरी आली. मी तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि वाट पाहिली. काही झालं नव्हतं. परकर कोरडा होता. मी वळले आणि मुलींकडे बघून हसले. का ते त्यांना कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या. त्या आठवड्यात मी कवायत घेतली, उड्यांसकट.

माझ्यामागून शेजारची एक शिकली, तिच्याकडून तिची जाऊ. विहिरीवरचा तो प्रसंग झाल्यापासून नर्सबाई कुणाला उघड काही विचारत नसत; "आवळ" हा एक शब्द पुरे होता. वर्षभरात आमच्या आळीत कोण कुणाला "आवळलंस?" म्हणून विचारते त्याचा पत्ता पुरुषांना लागला नाही.

पण आमच्याच घरात जे होतं, ते मला दिसलं नव्हतं.

माझ्या सासूबाई घराबाहेर पडत नसत. देवळात नाही, जत्रेला नाही, कुणाच्या लग्नाला नाही. घरी चार बायका आल्या तर खांबाला टेकून उभ्याने बोलत; खाली बसत नसत. लोक त्यांना शिष्ट म्हणायचे, मीही मनातून म्हणायचे. माझ्या धाकट्या नणंदेला कट्ट्याला दिलं होतं. एस.टी.ने कट्टा काही लांब नाही. पण लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाई एकदाही लेकीच्या घरी गेल्या नव्हत्या. तिच्या सासरी बोलणी व्हायची, "तुझी आवस आमचो उंबरो चढणा नाय, आमी काय कमी आसांव?" नणंद माहेरी आली की रडायची आणि सासूबाई चुलीकडे तोंड करून लाकडं पुढे सारत राहायच्या. आता नणंदेला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ओटी भरायची होती, सासरी, कट्ट्याला. "ह्या येळाक येवक नाय तर माका आवस नाय असा समाजतलंय," असा तिने निरोप पाठवला.

निरोप आला त्या संध्याकाळी मी आणि सासूबाई तांदूळ निवडत होतो. मी बसून, त्या उभ्याने सूप धरून. नर्सबाई आत आल्या, चुलीजवळ बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, रागवा नुको. गोठ्यामागे केळींच्या आडोशाक रोज आठ धडपी सुकतत. मी वरीसभर बघतंय. तुमचा आंग भायर येता मा?"

सूप सासूबाईंच्या हातातून खाली आलं. तांदूळ सगळीकडे पसरले.

"उद्याच्या उद्या खोली खाली करा," त्या म्हणाल्या.

"करतंय. पण कितकी वर्सा ता सांगा."

सासूबाई माजघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी नर्सबाईंकडे बघितलं. त्या एकेक तांदूळ वेचत होत्या.

चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. नर्सबाईंनी सामान बांधलं नाही, आणि सासूबाईंनी पुन्हा सांगितलं नाही. पाचवा दिवस रविवार होता, म्हणून मी घरी होते. सकाळी बराच वेळ सासूबाई न्हाणीतून बाहेर येईनात. मी हाका मारल्या. आतून कण्हण्याचा आवाज आला. दार ढकललं तर त्या भिंतीला धरून वाकलेल्या, अंगाला घाम फुटलेला.

"लघवी होणा नाय," त्या म्हणाल्या. "काल सांजेपासून. पोट फुटताहा गो माझा."

"आई, मी डॉक्टरांना घेऊन येते."

"पुरुष माणूस नुको! मी मेलंय तरी चलात."

मी पडवीकडे धावले. नर्सबाईंचा डाव अर्ध्यात होता. माझं तोंड बघून त्या पत्त्यांवरूनच चालत बाहेर आल्या. रबरी नळी टोपात उकळायला ठेवली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, सासूबाईंना माजघरात चटईवर निजवलं. मला उशाशी बसवलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि माझा हात असा धरला होता की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

त्या दिवशी मी ते बाहेर आलेलं अंग, खाली उतरलेली गर्भपिशवी, पहिल्यांदा पाहिलं. लिंबाएवढा नव्हे, चांगला पेरूएवढा लालसर गोळा, घासून घासून एका बाजूला व्रण पडलेला. इतकी वर्षं ही बाई ते घेऊन चालत होती, चूल पेटवत होती, माझी मुलं सांभाळत होती. नर्सबाईंनी एक शब्द काढला नाही. तेल लावलेल्या बोटांनी अलगद तो आत सारला, मग नळी घातली. पितळी टोपात धार पडायला लागली. ती धार कितीतरी वेळ पडत होती. सासूबाईंच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली, जबडा सैल झाला, आणि त्यांनी असा एक श्वास सोडला की तो आवाज मी अजून विसरले नाही. माझाही श्वास तेव्हाच सुटला.

"अठरा वर्सा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. पाच दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

मग त्यांनी सांगितलं. धाकट्या मुलीच्या वेळी दोन दिवस अडल्या होत्या. सुईणीने पोटावर गुडघा ठेवून जोर दिला. चौथ्या दिवशी भात कांडायला बसवलं, आठव्या दिवशी पाण्याला पाठवलं. कळशी उचलताना खाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. तेव्हापासून ते आत-बाहेर, आत-बाहेर. बसलं की टोचायचं. लघवी टिपकत राहायची. ओल्या अंगाने देवळात कसं जायचं, एस.टी.च्या बाकावर डाग पडला तर काय करायचं, लेकीच्या सासरी पाटावर बसवलं तर उठायचं कसं.

"नवऱ्याकसुदिक सांगूक नाय," त्या म्हणाल्या. "माका वाटला, देवान कसली तरी शिक्षा दिल्यान."

"देवाक दुसरी कामा नाय?" नर्सबाई म्हणाल्या. "वैनी, ह्या रोगाक नाव आसा. नाव आसा म्हणजे दुसऱ्यांकय झालेला आसा. ह्या एका आळीत मी सात जणी बघलंय."

"सात?" सासूबाईंनी डोळे उघडले. "खंयच्यो?"

"ता सांगूचंय नाय. तुमचायव त्येंका सांगूचंय नाय."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "खोली खाली करू नुको हां."

व्रण भरायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी नर्सबाई औषधाचा बोळा ठेवायच्या. खरा उपाय ऑपरेशन, ते कोल्हापूरला होतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. सासूबाई कापाकापीला तयार होईनात. मग दुसरा उपाय होता, रबरी कडं. ते आत बसवलं की गर्भपिशवीला आधार मिळतो. दर तीन महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायचं. मुंबईच्या इस्पितळात नर्सबाईंनी लेडी डॉक्टरच्या हाताखाली अशी कितीतरी बसवली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून त्यांनी माप घेतलं. कडं मात्र मुंबईहूनच आणायला हवं होतं.

मी यजमानांना पत्र लिहिलं. आईसाठी औषधवाल्यांकडून अमुक मापाचं रबरी कडं पाठवा, एवढंच. जास्त लिहायला माझं धाडस झालं नाही. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. त्यात लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला बसणाऱ्या लाल रबरी चकत्या होत्या. चांगल्या सहा.

नर्सबाई एक चकती बोटात फिरवत कितीतरी वेळ हसल्या. मग त्यांनीच कागद घेतला. त्यांच्या दवाखान्याच्या मराठीत त्यांनी चार पानी पत्र लिहिलं: आपल्या मातोश्रींना कोणता विकार आहे, तो कशामुळे होतो, किती वर्षांपासून आहे, वस्तू कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळते आणि दुकानदाराला नेमकं काय सांगावं. काहीही गाळलं नाही. मी म्हटलं, "अहो, ते पुरुष आहेत. लाजून मरतील." त्या म्हणाल्या, "अठरा वर्सा ती मेली नाय. तो एक दीस मरूंदे."

यजमानांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावले. आणि दहाव्या दिवशी ते स्वतःच बोटीने आले, रजा काढून. वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळलेलं पुडकं त्यांनी मान खाली घालून नर्सबाईंच्या हातात दिलं. "दोन मापांची आणलीत," म्हणाले. "दुकानदार म्हणाला, लागू शकतं." मग स्वयंपाकघरात गेले. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. हे त्यांच्यासमोर उभे राहून टोपी हातात फिरवत राहिले. माझे यजमान फार कमी बोलणारे. शेवटी म्हणाले, "आये, माका सांगूचा नाय?"

"काय सांगतलंय रे झिला," सासूबाई म्हणाल्या, "तुझो काय दोष? तू कळशी भरूक लावक नाय माका कधी." आणि त्यांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. पस्तिशीचा माणूस तिथेच चुलीसमोर बसून रडला. तेवढ्या रजेत घरातलं सगळं पाणी त्यांनी भरलं. आळीतले लोक हसले, तरी भरलं.

कडं बसवलं त्या दिवशी सासूबाई आधी माजघरात चालून आल्या, मग खळ्यात, मग पार रस्त्यापर्यंत जाऊन परतल्या. आम्ही दोघी श्वास धरून बघत होतो. त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. सरळ, दोन्ही पाय खाली सोडून. "टोचणा नाय," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "काय एक टोचणा नाय गो." संध्याकाळपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. येणारी-जाणारी बाई थांबून विचारायची, "आज बसलंस ती?" आणि त्या म्हणायच्या, "बसलंय."

सातव्या महिन्यात आम्ही सगळी एस.टी.ने कट्ट्याला गेलो. सासूबाई खिडकीशी बसल्या. नणंद दारात उभी होती. आईला गाडीतून उतरताना बघून तिने हातातलं तबक जवळच्या बाईकडे दिलं आणि सात महिन्यांचं पोट सांभाळत रस्त्यावर आली. सासूबाईंनी तिला आत नेलं, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नणंद बाहेर आली ती सासूला म्हणाली, "माझी आवस आजारी हुती. आमका कोणाक कळाक नाय." त्या सासूने सासूबाईंना आपल्या शेजारी पाटावर बसवलं, आणि त्या शेवटच्या पंगतीपर्यंत तिथे बसून राहिल्या.

नणंदेचं बाळंतपण आमच्याकडेच नर्सबाईंच्या हातून झालं. त्यानंतर दोन महिने तिला रिकामी घागरदेखील उचलायला सासूबाईंनी दिली नाही. मुलगा उचलायला गेली तरी ओरडायच्या, तेव्हा मात्र नर्सबाई म्हणाल्या, "वैनी, पोराक तरी घेवक दिया."

साठ सालानंतर नर्सबाईंची बदली झाली, त्यांच्या मुलखात, दोडामार्गला. आम्हाला वाटलं, आता कडं कोण बदलणार? नर्सबाईंनी मला शिकवायचा घाट घातला, पण सासूबाईच म्हणाल्या, "कशाक? मी जायन थंय." आणि दर तीन महिन्यांनी त्या एकट्या जाऊ लागल्या, दोन गाड्या बदलून, हातात पिशवी आणि पिशवीत नर्सबाईंसाठी सुकी मासळी. दोन दिवस राहायच्या आणि यायच्या.

तिसऱ्या खेपेला दोन दिवसांचे पाच झाले तरी त्या आल्या नाहीत. मी काळजीत पडले. सहाव्या दिवशी कार्ड आलं. नर्सबाईंचं अक्षर, दवाखान्याचीच मराठी:

"वैनींची प्रकृती उत्तम आहे. त्यांना या खेपेस पंधरा दिवस ठेवून घेत आहे. येथील स्त्रिया मजशी बोलत नाहीत, संकोच करतात. वैनी दवाखान्याच्या पायरीवर बसतात व प्रथम स्वतःचे सांगतात. त्यानंतर त्या स्त्रिया आत येतात. काल चार आल्या, त्यांत एक साठीची आहे. आपल्या घरी अडचण होत असल्यास कळवावे."

मी ते दोनदा वाचलं. मग शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि उलट टपाली लिहिलं, अडचण काही नाही, महिनाभर ठेवून घ्या.